जबडा, भाग दोन

तर मंडळी, माझा जबडा पुन्हा एकदा कापायचा आहे.

ही बातमी गेले दोन महिने मी ज्याला जशी झेपेल तशी सांगत आलेय. ऑफिसात "एक छोटीशी प्रोसिजर आहे", शेजारच्या काकूंना "दाताचं जरा काम आहे", आणि सासूबाईंना सगळं खरं, कारण त्यांच्यापासून काही लपत नाही. प्रत्येकाचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला: "अगं, पण तू मागे केलं होतंस ना?" हो, केलं होतं. २००७ साली. आता परत. फोनवर प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून माझा आहे तो जबडाही दुखायला लागला, म्हणून इथे एकदाच सगळं लिहून टाकते. आत्या, मावश्या, चुलत-मावसभावंडं, सगळ्यांचं एका फटक्यात भागेल. विम्याचं जरा लांबण लावणार आहे, कारण खरं दुखणं तिथे होतं. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ शेवटच्या दोन परिच्छेदांवर उडी मारावी, तिथे कामाच्या सूचना आहेत.

आधी जुनी गोष्ट. माझा खालचा जबडा जन्मापासून आखूड. बाजूने पाहिलं तर ओठाखाली हनुवटी सुरू व्हायच्या आधीच गळा सुरू व्हायचा. शाळेत मला "पोपट" म्हणत. पहिली नोकरी लागली, पुण्यात आले आणि तेविसाव्या वर्षी ऑपरेशन करून घेतलं. खालच्या जबड्याचं हाड दोन्ही बाजूंना मागच्या अंगाला उभं चिरायचं, चिरलेले भाग एकमेकांवरून सरकवून जबडा पुढे आणायचा आणि टिटॅनियमच्या पट्ट्या नि स्क्रू लावून बसवायचा. ओढायचा ड्रॉवर थोडा बाहेर काढून ठेवावा तसं. हे सगळं तोंडाच्या आतून करतात, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण नाही. या हाडाच्या आतून खालच्या ओठाची नस जाते. ती दुखावली तर ओठ-हनुवटी बधिर होते, बऱ्याच जणांची काही महिन्यांत परत येते. माझी उजवी बाजू आली, डावी अजून यायची आहे. अठरा वर्षं वाट बघतेय :-) दहीभात खाताना डाव्या हनुवटीला शीत चिकटलं तर मला कळत नाही. माझा मुलगा समोर बसून स्वतःच्या हनुवटीवर दोनदा बोट आपटतो. चारचौघांतली ही आमची सांकेतिक भाषा आहे.

पहिली आठ-नऊ वर्षं छान गेली. मग एकदा मुलाच्या शाळेच्या सदऱ्याला बटण लावत होते. दोरा तोडायला दातात धरला, आणि तो तुटेचना. वरचे-खालचे पुढचे दात एकमेकांना टेकतच नव्हते. मधून दोरा आरामात इकडून तिकडे. आरशात बघितलं तर एक बारीक फट. म्हटलं पूर्वीपासून असेल. सहा महिन्यांनी परत पाहिलं तर फट वाढलेली.

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडझाप करा, बोटाखाली जे हलतं ते जबड्याच्या सांध्याचं डोकं. माझी ती दोन्ही डोकी झिजली होती. याला कॉन्डायलर रिसॉर्प्शन म्हणतात. बहुतेक तरुण बायकांमध्ये दिसतं, आणि कधीकधी माझ्यासारखं जबडा पुढे आणल्यानंतरच्या वर्षांत. मागचा खांब खचला की पुढचं छप्पर कलतं, तसा जबडा मागे फिरतो आणि पुढे फट पडते. यात वाईट भाग असा की झीज चालू असताना ऑपरेशन करून उपयोग नसतो. खचणाऱ्या जमिनीवर कोण भिंत बांधणार? म्हणून रात्री दातांवर प्लॅस्टिकचा साचा घालून झोपायचं, ठराविक काळाने स्कॅन काढून आधीच्या स्कॅनशी ताडून बघायचा, आणि थांबायचं. मी सात वर्षं थांबले. शेवटी झीज थांबल्याची डॉक्टरांची खात्री पटली आणि २०२४ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मला दातांना तारा लागल्या. मुलाच्या वर्गातल्या दोन मुलींना आणि मला एकाच वर्षी!

सध्याची परिस्थिती अशी: माझ्या फक्त शेवटच्या दाढा टेकतात. पुढे पाच मिलिमीटरची फट. पोळी हाताने तोडून थेट दाढेखाली न्यायची. सँडविचचा घास घेतला की ब्रेड बाहेर आणि काकडी आत, किंवा उलट. पाणीपुरी उत्तम जमते, कारण ती अख्खीच तोंडात टाकायची असते. त्या दाढांवर सगळा भार येऊन एकीला तडा गेलाय. "स" आणि "त" म्हणताना हवा निसटते. कॉन्फरन्स कॉलवर "सातशे सत्तर" म्हणायची वेळ आली की मी आकडा चॅटमध्ये टाइप करते.

या वेळी खालच्या जबड्याला हात लावणार नाहीत. त्या सांध्यांवर पुन्हा भार नको. वरचा जबडा कवटीपासून सुटा करायचा, मागच्या बाजूने तीन-चार मिलिमीटर वर सरकवायचा आणि परत पट्ट्या-स्क्रू. मग खालचा जबडा आपोआप फिरून वर येतो आणि पुढची फट मिटते. याला ल फोर वन म्हणतात. रेने ल फोर हा फ्रेंच सर्जन. त्याने प्रेतांच्या डोक्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडं कुठल्या रेषांवर मोडतात ते पाहिलं आणि १९०१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातली सगळ्यात खालची रेघ ती एक नंबरची. तिच्यावरून आता मुद्दाम, मोजूनमापून हाड सुटं करतात. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तू जरा कमी वाच."

आता विमा.

हॉस्पिटलने दिलेला अंदाज ४ लाख २० हजार. आमची पॉलिसी पाच लाखांची, २०१२ पासून एकही वर्ष न चुकवता भरलेली. मनात म्हटलं, चला, इतकी वर्षं भरलं त्याचं चीज होईल. हॉस्पिटलच्या विमा काउंटरवरून कॅशलेससाठी अर्ज गेला. नियम असा आहे की कंपनीने एका तासात उत्तर द्यायचं. दिलंही. उत्तर म्हणजे प्रश्न होते. 'सदर उपचार दंतविषयक आहे की सौंदर्यविषयक, याचा खुलासा करावा. यापूर्वी या भागावर शस्त्रक्रिया झाली असल्यास सर्व कागदपत्रे सादर करावीत.' डॉक्टरांनी चार ओळी लिहून पाठवल्या. दुसऱ्या दिवशी नकार. कारण: चेहरेपट्टी बदलणारे उपचार पॉलिसीत बसत नाहीत.

मी त्या काउंटरसमोरच्या खुर्चीत बसूनच पॉलिसीचं पुस्तक फोनवर उघडलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा वाचलं, हे कबूल करायला हवं. सौंदर्योपचार वगळण्याचं कलम सगळ्या कंपन्यांना सारखं आहे, त्याला एक क्रमांकही आहे: आठ. दिसणं बदलण्यासाठीचे उपचार मिळणार नाहीत, इथपर्यंत सगळे वाचतात. पुढे त्याच वाक्यात अपवाद आहेत: अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, आणि आरोग्याला असलेला थेट धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेला उपचार. मात्र तो आवश्यक आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलं पाहिजे. माझ्या डॉक्टरांच्या चार ओळींत "फेशियल प्रोफाइल सुधारेल" असं एक निष्पाप वाक्य होतं. ते बिचारे खरं तेच लिहून गेले होते. कंपनीने तेवढंच वाचलं.

काउंटरवरच्या मुलीने मग मला बाजूला घेऊन शहाणपण शिकवलं. (पोरगी पंचवीस वर्षांची असेल, पण तिने माझ्यासारख्या शंभर बायका रडताना पाहिल्या असणार.) म्हणाली, "ताई, पत्रात चेहरा हा शब्दच नको. काय खाता येत नाही ते लिहा. आजाराचा कोड घाला. नकाराविरुद्ध तक्रार विभागाला लिहा आणि कलम कुठलं, नकार कुठल्या समितीने मंजूर केला, ते लेखी मागा." २०२४ च्या मे महिन्यातल्या नियामकाच्या परिपत्रकानुसार क्लेम नाकारायचा तर आता कंपनीच्या समितीची मंजुरी लागते आणि पॉलिसीतलं नेमकं कलम दाखवावं लागतं, हे मला तिच्याकडून कळलं. शिवाय खोली निवडताना जपा, म्हणाली. माझ्या पॉलिसीत खोलीचं भाडं दिवसाला पाच हजारांपर्यंत. त्याहून महाग खोली घेतली तर फक्त वरचं भाडं आपल्या अंगावर येत नाही, डॉक्टरांची फी, थिएटर अशी बिलातली बाकीची कलमंही त्याच प्रमाणात कापली जातात. म्हणून मी दोघांच्या खोलीत राहणार आहे. शेजारी घोरणारी बाई नसली म्हणजे मिळवली.

कोडची एक गंमत. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत जबडा-दातांच्या या विकृतींना 'के ०७' हा क्रमांक आहे, आणि 'के'चा सगळा विभाग पचनसंस्थेच्या आजारांचा. म्हणजे कागदोपत्री माझा जबडा मूळव्याध आणि अपेंडिक्स यांच्या पंगतीत बसलाय. पण मला ते पटलं. घास जिथून आत जातो तिथून पोट सुरू होतं.

राहता राहिली जुनी कागदपत्रं, आणि इथे माझी झोप उडाली. कारण २०१२ मध्ये ही पॉलिसी घेताना फॉर्मवर 'पूर्वी झालेल्या शस्त्रक्रिया' असा रकाना होता. ओळखीचे एजंट म्हणाले होते, "दाताबिताचं कोण लिहितं त्यात, वहिनी?" आणि मी तो कोरा सोडला होता. आता २००७ चे कागद दाखवायचे म्हणजे ते कोरेपण आपल्याच हाताने दाखवायचं. न दाखवावं, तर एक्स-रेत आठ स्क्रू चांदण्यांसारखे चमकतायत. दोन रात्री मी नुसती छताकडे बघत होते. मग वाचत वाचत सापडलं: सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती, २०२४ पासून पाच. माझी तेरा झाली होती. तरी ठरवलं की पत्रात हे आपणच सरळ लिहायचं: रकाना कोरा राहिला, चूक माझी, हे घ्या कागद. नवरा म्हणाला, कशाला सांगतेस, विचारलं तर बघू. आमचं त्यावर वाजलंही. पण मला पुन्हा छताकडे बघायचं नव्हतं.

फक्त कागद कुठे होते? ज्या हॉस्पिटलात पहिलं ऑपरेशन झालं त्यांनी इतका जुना रेकॉर्ड ठेवलेला नव्हता. सांगलीला आईला फोन केला. ती लगेच म्हणाली, "बाबांच्या कपाटात बघावं लागेल."

बाबा २०१९ मध्ये गेले. नोकरी एस.टी.च्या हिशेब खात्यात, तेव्हा घरात फाइली किती असतील कल्पना करा. शनिवारी सकाळी निघून सांगलीला गेले. कपाटाच्या तळाशी खाकी फाइल, वर लाल शाईत माझं नाव आणि 'जबडा – २००७'. आत पानांना नंबर, एक ते बेचाळीस. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचं टिपण, कुठली पट्टी नि किती स्क्रू याचं स्टिकर, एक्स-रेचं बिल. सांगली-पुणे एस.टी.ची तिकिटंसुद्धा, कोऱ्या कागदावर डकवलेली. मिक्सरच्या नव्या भांड्याची पावती. माझ्या डॉक्टरांना त्या स्टिकरचाच केवढा आनंद झाला!

पान ३७ वर एका पत्राची कार्बन कॉपी होती. तेव्हा माझ्या कंपनीचा ग्रुप विमा होता आणि त्यांनी क्लेम नाकारला होता, एवढं मला ठाऊक होतं. बाबा एवढंच म्हणाले होते, "मिळत नाहीत म्हणे. जाऊ दे." त्यांनी लढून पाहिलं होतं हे मला आत्ता कळलं. हिशेब खात्यातल्या इंग्रजीत, 'विथ रेफरन्स टु युवर लेटर' वगैरे करून लिहिलेलं दीड पान. त्यात मधे असं होतं की माझी मुलगी भाकरी समोरच्या दातांनी तोडू शकत नाही. ती लहानपणापासून बारीक तुकडे करून दाढेखाली ठेवते. तिचं जेवण घरात सगळ्यांच्या शेवटी संपतं. शाळेतून डबा अर्धा परत येत असे. तरी हा उपचार दिसण्याचा नाही.

पान ३९ वर त्याला तीन ओळींचं उत्तर: सौंदर्योपचार, सबब देय नाही. पान ४० वर मुदतीआधी मोडलेल्या एफडीची पावती, एक लाख पस्तीस हजार. नातेवाइकांत ती 'लग्नाची एफडी' म्हणून प्रसिद्ध होती. मावशी, तू तेव्हा म्हणाली होतीस, लग्नाच्या पैशाची हनुवटी केली. मी हसले होते. आता हसू येत नाही, पण रागही नाही.

कारण मावशीचं खरं होतं. मी ते ऑपरेशन दिसण्यासाठीच करून घेतलं होतं. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत मी साइड फेसबद्दल विचारलं होतं, भाकरीबद्दल नाही. भाकरी तुकडे करून खायची असते असंच मला वाटायचं. डबा अर्धा परत यायचा हे मला आठवतही नाही. फाइल मांडीवर घेऊन मी आईला विचारलं, बाबांनी हे विमा मिळावा म्हणून लिहिलं का गं? ती म्हणाली, "छे! तुझं ताट बघत बसायचे ते. मला म्हणायचे, हिची भाकरी जरा मऊ कर."

परत येऊन मी पत्र लिहिलं. बाबांचं पान ३७ समोर ठेवून, जवळजवळ त्याच क्रमाने. काय खाता येत नाही, किती वेळ लागतो, कुठली दाढ तडकली, रकाना का कोरा राहिला. डॉक्टरांनी नवं प्रमाणपत्र दिलं. बेचाळीसच्या बेचाळीस पानं स्कॅन करून जोडली, एस.टी.ची तिकिटंसुद्धा. 'हा उपचार सौंदर्यासाठी आहे का?' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. ते खोटं नाही. पण डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर ऑपरेशननंतरचा चेहरा दाखवला, खालचा जबडा वर फिरला की हनुवटी किंचित पुढे येते तो, तेव्हा मी स्क्रीनकडे गरजेपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं होतं. त्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.

तक्रार विभागाला पत्र गेलं त्याच दिवशी मी लोकपालांचीही माहिती काढून ठेवली. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही, आणि पुण्यातच कार्यालय आहे. बाबांना तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर ते तीन प्रतींत अर्ज घेऊन दारात उभे राहिले असते. माझ्यावर ती वेळ आली नाही. एकोणिसाव्या दिवशी ईमेल आला. नकार मागे, २ लाख ६० हजारांना प्राथमिक मंजुरी, उरलेलं अंतिम बिलानंतर बघू. हातमोजे, सिरिंजा असल्या वस्तूंचे पैसे मिळणार नाहीत. तारांचे तर नाहीतच, दीड वर्षाचं ते बिल आमचं आम्हीच भरलंय. काउंटरवरच्या मुलीला पेढे नेऊन दिले. ती म्हणाली, "ताई, पेढे डिस्चार्जच्या दिवशी द्यायचे असतात, मंजुरीच्या नाही." म्हणजे परत न्यावे लागणार.

तयारी. सोमवारी सकाळी सात वाजता ॲडमिट. ऑपरेशन मंगळवारी, साधारण तीन-चार तास. त्यानंतर जबड्यांना रबरबँड, पहिले दोन आठवडे निव्वळ पातळ, मग सहा आठवड्यांपर्यंत चावायचं काही नाही. नाक शिंकरायचं नाही, उशा रचून अर्धवट बसून झोपायचं. मागच्या खेपेला सात किलो उतरले होते, या वेळी सासूबाईंनी ते मनावर घेतलंय: नाचणीची आंबील, मुगाचं कढण, तांदळाची पेज, टोमॅटोचं सार, गाळलेलं वरण, वर तूप. मिक्सरचं नवं भांडं आणलंय आणि त्याची पावती फाइलमध्ये लावलीय. पान ६१. आई रविवारी सांगलीहून येतेय. तिने ज्वारीचं पीठ आणू का विचारलं. म्हटलं आण, रात्री कर, आणि या वेळी मऊ करू नकोस.

फोन करू नका, मला बोलता येणार नाही आणि घरचे वैतागतील. मेसेज करा. भेटायला यायचं असेल तर आठवडाभराने या, त्याआधी माझा चेहरा कलिंगडाएवढा असेल आणि तो विम्यातही बसत नाही. येताना कृपया चकल्या आणू नका. मागच्या वेळी तीन जणांनी आणल्या होत्या.